बोट टेकवल्यावर किती वेळ?
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



उधना, लिंबायत, पांडेसरा इथली आपली माणसे आता वर्गणीही मोबाइलवरूनच भरतात. आम्ही वर्गणीचे पान तयार केले. आमच्या नव्या फोनवर ते झरझर चालायचे. पण एका आजींनी जुन्या फोनवर ‘जमा करा’ दाबले, काहीच हलले नाही म्हणून पुन्हा दाबले आणि पैसे दोनदा कापले गेले. ते आम्ही परत केले. पण आजी म्हणाल्या, “मलाच जमत नाही रे.” हे मनाला लागले. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

पान किती लवकर उघडते एवढेच आम्ही पाहिले होते. बोट टेकवल्यावर ते किती लवकर उत्तर देते, हे मोजलेच नव्हते. त्यासाठी ‘इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट’ हे माप आहे. गूगलने १२ मार्च २०२४ पासून ते आपल्या मुख्य मापांत घेतले. आधीचे माप फक्त पहिल्या स्पर्शानंतर काम सुरू होईपर्यंतचा वेळ धरायचे. नवे माप पूर्ण भेटीतले स्पर्श, क्लिक आणि कळा पाहते आणि पडदा बदलेपर्यंतचा वेळ धरते. २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, इथपर्यंत चांगले; ५०० च्या वर वाईट. शंभरातल्या निदान पंचाहत्तर भेटींत हे जमायला हवे.

उशीर का होतो? ब्राउझरची मुख्य खिडकी एकच. पुढचा माणूस मोठे काम घेऊन उभा राहिला की मागची रांग ताटकळते. आमचे पान प्रत्येक स्पर्शाला देणगीदारांची सगळी यादी नव्याने मांडत होते.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये हे आकडे दिसतात, ते पाहून आम्ही दुरुस्ती केली. बटण दाबताच आधी ‘नोंद होत आहे’ असे दिसते आणि बटण बंद होते. यादीचे काम नंतर, तुकड्यातुकड्यांनी होते. दुसऱ्यांदा आलेली तीच नोंद सर्व्हरही नाकारतो.

मोठ्यांनाही याचा फायदा झाला आहे. रेडबसने हे माप सुधारल्यावर विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. आमचा नफा वेगळा. यंदा आजींनी वर्गणी एकदाच भरली, आणि शेजारणीचीही भरून दिली!

गणपती बाप्पा मोरया!