गांवची शाळा गांवानें राखावी
(सातारा जिल्ह्यांतील एका वाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत भरलेल्या पालक मेळाव्यांतील भाषण)



आज या शाळेच्या अंगणांत तुम्ही सर्व जमलां आहांत हें पाहून आम्हांस फार संतोष वाटतो. जत्रेला माणूस जमतें, निवडणुकीच्या सभेला तर जमतेंच जमतें. परंतु पोरांच्या शाळेसाठीं हातचें काम टाकून बायाबापड्यांसह सारी वाडी एके ठिकाणीं यावी, ही गोष्ट साधी नव्हे.

प्रथम जें चांगलें झालें तें सांगूं. आवाराची पडकी भिंत तुम्हीं अंगमेहनतीनें उभी केली. तरुण मंडळींनीं वर्गणी काढून वर्गांना रंग दिला. येथील गुरुजी आणि बाई, दोघेंच मिळून चार इयत्तांचा गाडा ओढीत आहेत. शाळेला शिपाई नाहीं. कुलूप उघडण्यापासून मोबाइलवर सरकारी माहिती भरण्यापर्यंत सर्व त्यांच्याच माथीं. आणि जी भगिनी घरचें आवरून रोज पोरांसाठीं खिचडी शिजविते, तिचें नांव कोणत्याही फलकावर नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं शाळेंत शिजविलेलें अन्न द्यावें असा हुकूम केला. पण न्यायालयाचा हुकूम मुलाच्या ताटांत वाढते ती हीच बाई. तुटपुंज्या मानधनावर ती हें काम करिते. तिचे आभार या सभेनें पहिल्यानें मानावे.

बंधूंनो, ही शाळा कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाहीं. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचें मूळ गांव कटगुण आणि सावित्रीबाईंचें माहेर नायगांव, दोन्ही याच सातारा जिल्ह्यांतलीं. त्या दोघांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांना काय सोसावें लागलें हें तुम्ही जाणतां. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं स्पष्ट सांगितलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पोरांवर होतो. निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक शेतकरी वर्गांतला असावा, नांगर धरण्याची त्याला लाज वाटूं नये, आणि त्याला महिना १२ रुपयांहून कमी पगार नसावा, येथपर्यंत त्यांनीं बारकाईनें विचार केला होता.

तें मागणें सरकारनें तेव्हां ऐकलें नाहीं. पुढें कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि जो बाप मुलाला शाळेंत धाडणार नाहीं त्याला महिना एक रुपया दंड ठेवला. कऱ्हाड तालुक्यांतील काले गांवीं भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था सुरू केली. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्या हातीं गेल्या. देशांत शिक्षणाच्या हक्काचा कायदा मात्र १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांच्या मागणीपासून मोजा: १२८ वर्षें! एवढ्या दिवसांनीं मिळालेली वस्तु आपण कशी संभाळतों, हा खरा प्रश्न आहे.

सरकारी शाळेचें दार उघडें असणें म्हणजे काय, हें साताऱ्याला कोणीं शिकवावयास नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचें नांव दाखल झालें. रजिस्टरांत त्याचा नंबर १९१४. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्ध आहे, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आंत त्या मुलाला वेगळें बसावें लागलें, हा कलंक खराच; पण तें दारच बंद असतें तर या देशाचें केवढें नुकसान झालें असतें!

आतां मनाला लागणारी गोष्ट. सकाळीं खालच्या रस्त्यावर पिवळी गाडी येते आणि वाडींतलीं निम्मीं पोरें घेऊन तालुक्याच्या गांवीं जाते. दुधाचा पगार हातीं येतो न येतो तोंच फीमध्यें जातो. आम्ही त्या आईबापांना दोष देत नाहीं. पोरानें इंग्रजी बोलावें, आपल्यासारखें उन्हांत राबूं नये, ही इच्छा वाईट नव्हे. पण आम्ही इतकेंच विचारतों कीं, तेथें काय शिकवितात हें तुम्हीं एकदां तरी वर्गांत बसून पाहिलें काय? कीं गळ्यांतला टाय पाहूनच समाधान मानिलें?

इकडे शाळेचा पट घसरतो, त्याचा परिणाम काय होतो तें ऐका. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्याच्या शिक्षण खात्यानें २० पेक्षां कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. त्या वेळीं अशा शाळा १४ हजारांवर होत्या. खात्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं: चार पोरांच्या वर्गांत सवंगडी नाहींत, खेळ नाहीं, आणि एका शिक्षकावर सर्व इयत्तांचा भार. पण हा हिशेब सपाटीवरचा आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्यानें सांगावें कीं सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून दूरच्या शाळेंत रोज कशी जाईल? गाडी चार दिवस आली नाहीं तर मुलगा कसाबसा पायीं जाईल, मुलगी घरीं बसेल. पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आंत असावी, असें कायद्याच्या नियमांतच आहे. तें अशाच मुलीसाठीं आहे.

म्हणून नुसतें कौतुक करून भागणार नाहीं. कायद्यानें तुमच्या हातीं एक हत्यार दिलें आहे, त्याचें नांव शाळा व्यवस्थापन समिति. तिच्यांत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकंदर निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा तिनें करावयाचा, आलेला पैसा कसा खर्च झाला तें तिनें पाहावयाचें. पण बहुतेक ठिकाणीं काय चालतें? सभेची वही घरोघर फिरते आणि सह्या होतात! माताभगिनींनो, तुमची सही कोणी मागितली तर आधीं विचारा, "कशावर?" हा एक शब्द दहा भाषणांपेक्षां मोलाचा आहे.

गुरुजनांनाही दोन शब्द. तुमच्यावर नको तीं कामें लादलीं जातात हें खरें. कायद्यानें जनगणना, आपत्ति आणि निवडणूक एवढींच शाळेबाहेरचीं कामें तुम्हांला सांगतां येतात. बाकीच्या ओझ्याविरुद्ध गांवानें तुमच्या बाजूनें अर्ज करावा. पण तुम्हींही ध्यानांत ठेवावें कीं, पालकाला शाळेंत बसावयास सतरंजी मिळाली नाहीं तर तो पिवळ्या गाडीकडेच जाईल. मूल काय वाचतें, कोठें अडतें, हें त्याच्या आईला तिच्या भाषेंत सांगा.

जिल्हा परिषदेच्या शाळेंत कांहीं होत नाहीं असें म्हणणारांनीं शेजारीं पाहावें. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या शाळेंतले रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जगांतील उत्तम शिक्षकाचें दहा लक्ष डॉलरचें पारितोषिक मिळालें, आणि त्यांतली अर्धी रक्कम त्यांनीं बरोबरच्या नऊ शिक्षकांना वांटून दिली. खेड तालुक्यांतील जालिंदरनगरची शाळा २०२५ सालीं जगांतील उत्तम शाळांच्या स्पर्धेंत, गांवाच्या सहकार्याच्या विभागांत, पहिल्या दहांत आली. तेथें मोठीं मुलें लहानांना शिकवितात. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच. तेथलीं पोरें आकाशांतून पडलेलीं नाहींत, तुमच्यासारख्यांचींच आहेत.

आमचें मागणें तीन गोष्टींचें. जूनमध्यें नांवें घालण्याची वेळ येईल, तेव्हां प्रत्येक घरानें एकदां या शाळेंत येऊन तासभर बसावें आणि मग काय तें ठरवावें. समितीची सभा दर महिन्याला येथें, या अंगणांत, उघड्यावर भरावी. आणि शाळा हलविण्याचा कागद कधीं आलाच, तर तो एकट्या गुरुजींच्या टेबलावर पडून राहूं नये. ग्रामसभेंत तो मोठ्यानें वाचला जावा.

भिंत तुम्हीं बांधली आहे. आंतलीं पोरें टिकविणें हेंही तुमच्याच हातीं आहे.