चौकटीबाहेर गेलेली भिंत

(मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



फोटो दाखवण्याआधी एक कबुली द्यायची आहे. २०१९च्या मे महिन्यात आम्ही दोघी मैत्रिणी, दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या, कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर गेलो. घरच्यांचा पहिला प्रश्न, ‘गाडी कोण चालवणार?’ दुसरा, ‘रात्री गाडीत दोघीच?’ चालवली आम्हीच, झोपलोही दोघीच. त्या धाडसाचं कौतुक आता पुरे झालं. आज बोलायचंय ते माझ्या चुकीबद्दल.

स्काय बेटावरून बोट पकडली की पावणेदोन तासांत हॅरिस येतं. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर लस्केंटायर. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, कॅलेंडरवर शोभावं असं. मे महिन्यात सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे तिरपं ऊन तासन्‌तास मिळतं. मी शे-दीडशे फोटो काढले. मध्ये सारखी एका दफनभूमीची भिंत येत होती. मी तिवई दोन पावलं सरकवली, भिंत चौकटीबाहेर गेली. फोटोला मनातल्या मनात नावही दिलं, ‘निर्जन किनारा’.

दुसऱ्या दिवशी पूर्व किनाऱ्यावर गेलो. रस्ता एकपदरी, समोरून गाडी आली की रुंद जागेपर्यंत व्हॅन मागे घ्यायची. सगळीकडे नुसता खडक. रात्री नेमून दिलेल्या जागीच थांबलो. (तिथल्या २००३च्या कायद्यानं माणसाला बहुतेक माळरानावर चालण्याचा, तंबू ठोकण्याचा हक्क दिलाय, पण मोटारीला नाही. मला हे फार पटलं.) पहाटे सव्वापाचला समुद्रावरून आडवं ऊन आलं आणि खडकांच्या मधल्या उतारांवर सावल्यांच्या समांतर रेघा उमटल्या, कुणी कंगवा फिरवावा तशा. दुपारी त्याच जागी काही दिसलं नाही.

ते वरंबे होते, शेतीचे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडच्या चांगल्या जमिनीवरून कुटुंबंच्या कुटुंबं हुसकावली गेली, कारण मालकांना तिथं मेंढ्या पाळायच्या होत्या. कितीतरी लोक समुद्रापार गेले, काही या खडकावर येऊन राहिले. इथं माती नव्हती, म्हणून ती तयार केली. समुद्रातलं शेवाळ आणून थरावर थर घालायचे, वरंबे करायचे आणि त्यात बटाटे लावायचे. हे ओझं पाठीवरच्या करंड्यांतून वाहणाऱ्यांत बायका होत्या. या बेटांचे जुने फोटो पाहा, पाठीवर जळणाची करंडी आणि हात विणकामात! आपल्याला हे चित्र अनोळखी नाही.

माती इतकी कमी, की माणूस पुरायलाही पुरायची नाही. मयत खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचे आणि पश्चिमेला आणायचे, जिथून हाकललं होतं तिथंच. मी चौकटीबाहेर काढलेली भिंत ही अशी होती.

दक्षिणेकडच्या साउथ उइस्टवर आणखी एका बाईनं कॅमेरा चालवला होता. मार्गारेट फे शॉ, अमेरिकन. १९२९ ते १९३५ ती तिथं पेगी आणि मारी मॅक्रे या बहिणींच्या घरी राहिली. त्यांची भाषा शिकली, गाणी उतरवून घेतली, फोटो काढले. १९५५मध्ये तिचं गाण्यांचं पुस्तक निघालं. त्या बेटांवर नव्यानं विणलेलं लोकरीचं कापड शिळ्या मुतात भिजवून बायका फळीभोवती बसून बडवायच्या आणि त्या तालावर गायच्या. मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. तिच्या फोटोंत डोंगर आहेत, समुद्र आहे, आणि त्यात कामाला वाकलेली माणसं आहेत. ती सहा वर्षं राहिली होती. आम्ही दहा दिवसांत ‘निर्जन’ ठरवून मोकळ्या झालो.

२०१०मध्ये लस्केंटायरची जमीन रहिवाशांच्या ट्रस्टच्या मालकीची झाली. परतताना मी तिथं पुन्हा थांबायला लावलं. पाऊस होता, वाराही होता, तिवई उभी राहीना. मैत्रीण तिला घट्ट धरून उभी होती आणि मला शिव्या देत होती.

आता कुणीतरी दिवे घालवा. पहिला फोटो ‘निर्जन किनारा’. डावीकडे भिंत आहे, पण ती तुम्हाला दिसणार नाही. दुसऱ्यात दिसेल, जरा हललेली.