पत्त्यावरून नांव

गोंदिया जिल्ह्यांतील तिरोडा तालुक्यांत बोदलकसा हा डोंगर-अरण्यानें वेढलेला जलाशय आहे. तेथील वनवाटेवर थांबलेल्या वाटसरूला आपलें ठिकाण सांगावयाचें झाल्यास तो मागें टाकलेली शेवटची खूण सांगतो आणि तेथून चाललेलें अंतर सांगतो. संगणकाच्या अंतरंगांतहि हीच रीत आहे.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें ज्याचा आरंभ केला, तें लिनक्सचें कर्नेल म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणारा गाभा. त्यांतील प्रत्येक कार्याला नांव आहे. प्रोसेसरला मात्र पत्त्याचा आंकडाच ठाऊक. यंत्र अडखळलें म्हणजे त्या आंकड्यावरून नांव शोधावें लागतें. यासाठीं आज्ञा टंकून चालविण्याचें एक लहानसें साधन असतें. ‘कॉलसिम्स’ या यादींतील पत्ते पाहून तें मागची सर्वांत जवळची खूण काढतें आणि ‘व्हीएफएस_रीड, अधिक ४२’ असें उत्तर देतें.

अशा साधनाची परीक्षा कशी घ्यावी? कार्याचा आरंभींचा पत्ता दिला, तर त्याचेंच नांव यावें. त्याच्या एकच घर अलीकडचा दिला, तर पूर्वींच्या कार्याचें यावें. येथवर बहुतेक साधनें उत्तीर्ण होतात. खरी कसोटी पुढेंच आहे.

एकाच नांवाचीं गांवें असावींत, तशीं कर्नेलमध्यें ‘नेम_शो’ हें नांव धारण करणारीं कार्यें अनेक आहेत. नांवावरून पत्ता विचारला असतां तीं सर्व दाखविलीं पाहिजेत; पहिलें दिसलें तें देऊन मोकळें होणें ही फसवणूक होय. सामान्य वापरकर्त्याला यादींतील पत्ते सुरक्षिततेस्तव बहुधा शून्यच दिसतात. तेव्हां साधनानें ‘अधिकार नाहीं’ असें स्पष्ट सांगावें. शिवाय २०१४ पासून कर्नेलला प्रत्येक आरंभीं निराळ्या जागीं वसण्याची सोय झाली आहे. अशा वेळीं कर्नेल बांधतांना तयार झालेली यादी तशीच वापरली, तर खुणांमधलीं अंतरें तींच राहून पत्ते मात्र चुकतात आणि नांव भलतेंच येतें. आणि पहिल्या खुणेच्याहि अलीकडचा पत्ता दिला, तर कोणतेंच नांव येतां कामा नये.

बिघाड शोधणारा मनुष्य त्या एका नांवावर विसंबून रात्रभर खपतो. नांव मिळालें नाहीं, तर तो दुसरी वाट धरील; चुकीचें मिळालें, तर निर्दोष कार्याची चिरफाड करीत बसेल. वाट ठाऊक नसतां खुशाल बोट दाखविणाऱ्यापेक्षां ‘ठाऊक नाहीं’ म्हणणारा वाटाड्या बरा. साधनाची परीक्षा घेणाऱ्यानें प्रथम हेंच पाहावें.