दुखत नाही, सर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



फिजिओथेरपिस्ट म्हणून दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. पण आधी एक कबुली द्यायची आहे. ती ऐकायला आपले हॉकीचे सर समोर बसलेत, हे बरंच झालं.

दहावीत असताना पार्क मैदानावर सरावात माझा गुडघा पिरगळला. संध्याकाळपर्यंत नारळाएवढा सुजला. आईनं हळदीचा लेप लावला, मी तीन आठवडे घरी बसलो. विभागीय सामन्याच्या आदल्या दिवशी सरांनी विचारलं, "दुखतंय का रे?" मी म्हणालो, "नाही सर." ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चेंडू घेऊन वळलो, गुडघा निसटला आणि माझी हॉकी तिथंच संपली. सर, तुम्ही याबद्दल अजून स्वतःला दोष देता असं कळलं. नका देऊ. तेव्हा आपल्या दोघांनाही वाटायचं, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं.

परवा आपल्याच वर्गातली एक मैत्रीण लेकीला घेऊन आली. मुलगी सोळा वर्षांची, हॉकी खेळते. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन पाच महिने झालेत. निवड चाचणी पुढच्या महिन्यात. "जिना चढते, पळते, काही दुखत नाही. पाठवू ना?"

या ऑपरेशनमध्ये बहुधा पेशंटच्याच पायाची एक कंडरा काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. ती आधी कमजोर होते, मग शरीर तिला हळूहळू नव्यानं घडवतं. दुखणं थांबतं ते नेमकं ती कच्ची असतानाच. हॉकीत तर कमरेत वाकून, गुडघे दुमडून सारखं वळायचं असतं. नॉर्वेत 106 जणांवर केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत, मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळपास निम्म्यानं घटत गेली. आणि नुसते नऊ महिने मोजूनही भागत नाही. त्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी, एका पायावरची उडी जमायला हवी. या मुलीची ताकद सत्तरच्या आसपास भरली.

"पण संदीप सिंग गोळी लागूनही परत आला की!" मैत्रीण म्हणाली. आला. 'सूरमा'त ते अडीच तासांच्या आत उरकतं. प्रत्यक्षात त्याला गोळी लागली ऑगस्ट 2006 मध्ये, विश्वचषकाला निघायच्या तोंडावर. तो विश्वचषक गेलाच. कर्णधार म्हणून त्यानं अझलन शाह चषक जिंकला तो 2009 मध्ये.

मग मी मैत्रिणीला बाहेर चहाला पाठवलं आणि मुलीला विचारलं, "दुखतंय का ते सोड. डाव्या पायावर जोर देऊन वळताना काय वाटतं?" बराच वेळ ती स्टिकची पट्टी सोलत बसली. मग म्हणाली, "मामा, भीती वाटते. आईला सांगू नका."

सांगितलं. तिच्या परवानगीनं. ही चाचणी ती देणार नाही. सध्या आठवड्यातून तीनदा येते, व्यायामाला कुरकुरते, पण करते. तिची आई माझ्याशी अजून जरा कमीच बोलते. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. जेवताना शेंगाचटणी वाढायच्या निमित्तानं जाऊन बघतो.