दप्तर मेघात ठेवताना

(क्लाउड संगणनावरील वार्षिक परिषदेच्या निमित्ताने विलेपार्ले येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



तंत्रज्ञांच्या परिषदेत माझ्यासारख्या, दप्तर सांभाळण्यात उमेद घालविलेल्या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मला पडला होता. पार्ल्याला अशा परिषदांची नवलाई नाही. येथील द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयात २०१५ साली प्रगत संगणन तंत्रज्ञानावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ॲमेझॉन कंपनी तर २०१२ पासून अमेरिकेत लास व्हेगास येथे केवळ क्लाउड या एका विषयावर परिषद भरविते आणि तेथे हजारो तंत्रज्ञ जमतात. नवनव्या सेवांच्या घोषणा तेथे होतात, आणि त्या व्हाव्यातच. ज्यांच्या जन्ममृत्यूच्या, घरपट्टीच्या आणि शाळेच्या दाखल्याच्या नोंदी या यंत्रणेत जाऊन बसतात, त्यांच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम मात्र आपले आहे.

क्लाउड म्हणजे मेघ. केंद्र शासनाने आपल्या योजनेस ‘मेघराज’ असे नाव दिले व तिच्या अंतर्गत राष्ट्रीय क्लाउड सेवा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. नाव मोठे सुंदर आहे. पण ऐकणाऱ्याची त्याने थोडी फसगत होते. आकाशात काहीच नाही. पूर्वी प्रत्येक वाड्याची आपापली विहीर असे. पुढे नळ आला, आणि जेवढे पाणी वापरावे तेवढ्याचे पैसे भरावेत अशी सोय झाली. क्लाउड हा संगणकशक्तीचा नळ आहे. आपल्या कार्यालयात सर्व्हर विकत घेऊन त्यासाठी वातानुकूलित खोली राखण्याऐवजी दूरच्या डेटा सेंटरमधील यंत्रे आपण भाड्याने वापरतो. ही केंद्रे विटा-सिमेंटच्या इमारतीच आहेत. नवी मुंबईत ऐरोलीकडे गेल्यास दिसतील. परदेशाशी त्यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबली येथून जवळच, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन लागतात. मेघाचे एक टोक आपल्या शेजारच्या वाळूखाली आहे, असे म्हटले तरी चालेल.

मायक्रोसॉफ्टची केंद्रे पुणे व मुंबई येथे २०१५ साली सुरू झाली, ॲमेझॉनची मुंबईत जून २०१६ मध्ये, आणि पुढल्या वर्षी गूगल आले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. याचा लाभ कोणता, हे शिक्षकांना सांगावयास नको. दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो घरांतून एकाच वेळी निकाल पाहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी ती गर्दी ओसरते. त्या एका दिवसासाठी वर्षभर मोठी यंत्रसामग्री बाळगणे म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय विकत घेण्यासारखे आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी उघडली, तेव्हा कोविन यंत्रणा प्रारंभी अडखळली. तरी पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांची नावे तिने नोंदविली. हे काम कचेरीतल्या एका सर्व्हरचे नव्हे.

आता ज्यासाठी मी उभा आहे तो विषय. २६ जुलै २००५ रोजी येथून हाकेच्या अंतरावर, सांताक्रूझच्या वेधशाळेत, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतरच्या आठवड्यात एका तळमजल्यावरील कार्यालयात दोऱ्या बांधून त्यांवर नोंदवह्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या. शाई पसरून पानांचा रंग फिकट निळा झाला होता. त्या वहीत नाव असलेला माणूस पुढे पुरावा मागावयास आला, तर त्याला काय दाखविणार? सात वर्षांनी, २१ जून २०१२ रोजी, मंत्रालयास आग लागली. जीवितहानी झाली आणि असंख्य फायली जळाल्या. ज्या कागदांचे आधी संगणकीकरण झाले होते, ते मात्र वाचले. ई-ऑफिसचा आग्रह त्यानंतर वाढला, तो उगाच नव्हे.

यावरून कोणी म्हणेल, झाले तर मग, सारे मेघात टाकले की निश्चिंती. येथेच मी आपणास दक्षिण कोरियाकडे पाहण्याची विनंती करतो. त्या देशाचे संगणकीकरण आपल्या कितीतरी पुढे आहे. तेथील दैजॉन शहरातील शासकीय डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटरीतून आग लागली आणि ७०९ शासकीय यंत्रणा बंद पडल्या. त्यांपैकी एक होती ‘जी-ड्राइव्ह’, अधिकाऱ्यांच्या कामकाजाचे कागद ठेवण्याचा शासकीय क्लाउड. त्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची बाहेर दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा, म्हणून प्रत ठेवली नाही, असे कारण देण्यात आले. मंत्रालयात कागद जळाला आणि संगणकातली प्रत वाचली. दैजॉनला नेमकी संगणकातली प्रतच जळाली. दोन्हीकडे नुकसान झाले ते एकुलत्या एक प्रतीचे.

मोठ्या कंपन्या एका शहरात वीज व इमारत वेगळी असलेली दोन-तीन केंद्रे ठेवतात. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व आसपासच्या बहुतेक भागाची वीज एकाच वेळी गेली, हे आपण अनुभवले आहे. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या शहरात हवी. ॲमेझॉनने २०२२ साली हैदराबादला दुसरा विभाग उघडला, त्यामुळे देशाबाहेर न जाता ती सोय होऊ शकते; मात्र ती आपोआप होत नाही, करारात मागावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. निविदा काढताना हीच ओळ काटकसरीत कापली जाते.

आणि एक अगदी लहान गोष्ट, जिच्यावर या परिषदेत परिसंवाद होणार नाही. एका शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होऊन गावी गेले. शाळेच्या साऱ्या नोंदींचा ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जात राहिला. तीन महिने लिपिक त्यांना फोन करी आणि शेतात असलेले गुरुजी सहा आकडे वाचून दाखवीत. भले गृहस्थ होते म्हणून काम चालले. ग्रामपंचायतीत तर करार संपलेल्या केंद्रचालकाजवळ पासवर्ड राहून गेल्याची उदाहरणे ऐकू येतात. कपाटाच्या किल्ल्या आपण पदभार यादीवर सही घेऊन देतो. ही किल्ली अजून त्या यादीत आलेली नाही.

पंचायत सदस्यांना माझे एकच सांगणे आहे. परत गेल्यावर नमुना आठमधील एका घराची नोंद निवडा आणि यंत्रणा चालविणाऱ्यास सांगा, की मूळ नोंद गेली असे समजून ही राखीव प्रतीतून परत काढून दाखवा. किती वेळ लागला, तो घड्याळ लावून मोजा आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहा. मी एका ठिकाणी हे करून पाहिले. उत्तर आले, ‘साहेब, प्रत आहे, पण ती उघडायची कशी ते पुण्याला विचारावे लागेल.’ पुण्याहून उत्तर यावयास अकरा दिवस लागले.