दोन घोड्या

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



'शाळेनं मला काय दिलं' यावर दहा मिनिटं बोल, असं मला संयोजकांनी सांगितलं होतं. मी तसं लिहूनही काढलं होतं. ते कागद घरी ठेवून आले आहे. आज मी एका जुन्या गिटारबद्दल बोलणार आहे. गिटार अमेरिकेतली आहे, पण गोष्ट शेवटी मिरजेत, आपल्या शाळेच्या हॉलमध्येच येते. तेव्हा थोडा धीर धरा.

मी शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. लेकीनं हट्टानं गिटार घ्यायला लावली आणि सहा महिन्यांत सोडून दिली. ती घरात पडून होती, म्हणून चाळिशीनंतर मी शिकायला लागले. चार गाणी वाजवता आली, तारा बदलता आल्या आणि मी स्वतःला जाणकार समजू लागले.

आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. त्यांचे यजमान तरुणपणी लग्नासमारंभांत एका बँडबरोबर गिटार वाजवायचे. ते गेल्यापासून गिटार पलंगाखाली पेटीतच होती. एक दिवस आजी म्हणाल्या, "उन्हाळ्यात नातू येतोय, त्याला द्यायची आहे. जरा तारा बदलून देशील?" मी म्हटलं, "त्यात काय! आठवड्यात देते."

ही गिटार आर्चटॉप जातीची होती. आपण नेहमी बघतो त्या गिटारची वरची तबली सपाट असते आणि मध्ये गोल भोक असतं. आर्चटॉपची तबली व्हायोलिनसारखी फुगीर असते आणि दोन बाजूंना इंग्रजी 'एफ'च्या आकाराच्या दोन फटी असतात. मिशिगनमधल्या कॅलमाझू गावात गिब्सन कंपनीनं १९२२ साली 'एल-फाइव्ह' नावाची अशी गिटार काढली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. विजेवर आवाज वाढवण्याची सोय नसताना, ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार ऐकू यावी म्हणून ही सगळी खटपट. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून पुढची कित्येक दशकं अशाच गिटारवर ताल धरून बसले होते.

आजींची गिटार अशी नामांकित नव्हती. ती शिकागोच्याच हार्मनी कंपनीची होती. १८९२ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९७० च्या दशकात बंद पडली, पण तोवर तिनं सामान्य माणसाला परवडतील अशा लाखो गिटारी विकल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्याला गिटारवाले ब्रिज म्हणतात. आपण मिरजकर त्याला घोडी म्हणतो. साध्या गिटारची घोडी तबलीला पक्की चिकटवलेली असते. आर्चटॉपची मात्र नुसती ठेवलेली असते. खिळा नाही, सरस नाही. तारांचा दाब तिला जागेवर धरून ठेवतो. तारा काढायच्या तर एकेक काढायची, तिच्या जागी नवी लावायची आणि मग दुसरीला हात घालायचा.

मला हे माहीत नव्हतं. मी सहाही तारा एकदम सैल केल्या. घोडी घसरली, टेबलाच्या कडेला लागून खाली पडली. 'टक्' असा बारीक आवाज झाला. तो आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता. त्याबद्दल शेवटी सांगते.

घोडी फुटली नव्हती. जुन्या तारांबरोबर एका डब्यात ठेवून दिली. शनिवारी घर आवरताना तो डबा मीच कचऱ्यात टाकला. वर गंजक्या तारांचं वेटोळं होतं, खालचं लाकूड दिसलंच नाही. लक्षात आलं तेव्हा कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

आमच्या कामात चूक झाली तर कालची प्रत परत आणता येते. इथं ती सोय नव्हती. आणि मी काय केलं? गप्प बसले. आजी अंगणात भेटल्या की विचारायच्या, "झाली का गं?" मी म्हणायचे, "काम चालू आहे." ऑफिसात रोज सकाळच्या मीटिंगला सांगून हे वाक्य माझ्या तोंडात अगदी घोटलेलं आहे.

मी गुपचूप एक नवी घोडी मागवली. आर्चटॉपच्या घोडीचे दोन भाग असतात. खाली दोन पायांची बैठक, वर तारांसाठी खाचा असलेली पट्टी. दोन्हींच्या मध्ये आटे पाडलेले दोन खुंट आणि त्यांवर फिरणाऱ्या छोट्या चकत्या. चकती फिरवली की पट्टी वर-खाली होते. जाहिरातीत लिहिलं होतं की सगळ्या आर्चटॉपला चालते. मला वाटलं, आणायची आणि बसवायची. पण प्रत्येक तबलीचा फुगवटा वेगळा, त्यातून ही साठेक वर्षं तारांचा ताण सोसलेली. नवी बैठक ठेवली तर दोन्ही पाय फक्त कडांवर टेकले. मधून नखही आत जात होतं.

यावर उपाय असा, की तबलीवर घोडीच्या जागी सँडपेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवायचा आणि त्यावर बैठक हलकेच पुढं-मागं घासायची. मग तबलीचाच आकार पायांना येतो. मी ८० नंबरचा पेपर घेतला आणि दणादण घासत सुटले. हात डुलत होता, त्यामुळे पायांचे तळ गोल झाले आणि बैठक होडीसारखी डुगडुगायला लागली. ते सुधारायला आणखी घासलं. पाय पापडासारखे झाले. शेवटी एका पायाचा कोपराच तुटला. यात तीन आठवडे गेले.

त्या रात्री तो तुटका तुकडा हातात घेऊन मी आजींचं दार वाजवलं आणि सगळं सांगून टाकलं.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात वाजवायच्या नख्या होत्या, तारांची रिकामी पाकिटं होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी पट्टी होती. घोडीची मूळ वरची पट्टी! यजमानांनी कधीतरी ती बदलून दुसरी लावली होती, पण जुनी टाकली नव्हती. सहा खाचा तारांनी घासून गुळगुळीत झालेल्या. आजी म्हणाल्या, "तो काहीच फेकायचा नाही. तू पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी पहिल्याच दिवशी हे दिलं असतं." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग मी नीट कामाला लागले. पट्टीच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं, ७४ मिलिमीटर भरलं. बरोबर तेवढ्याच अंतरावर खुंट असलेली नुसती बैठक शोधली. तीन ठिकाणी विचारल्यावर मिळाली. पाकिटावर 'इंडियन रोझवूड' लिहिलेलं. म्हणजे आपलं शिसव! सह्याद्रीतलं झाड. पहिल्यांदा घासल्यावर जो जांभळट भुगा पडला, त्याच्या गोडसर वासानं मला आजोळचा पलंग आठवला.

घोडी नेमकी कुठं ठेवायची, हाही प्रश्न होता. दोन्ही 'एफ' फटींच्या आतल्या कडेला बारीक खाच असते. त्या दोन खाचा जोडणारी रेघ म्हणजे घोडीची साधारण जागा. शिवाय तबलीवर जुन्या पायांचे दोन फिकट ठसे होते. आणि खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून येतात, तिथून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढं घोडीपर्यंत, वर दोन-तीन मिलिमीटर. जाड तारेला थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणून घोडी किंचित तिरपी बसते. तिन्ही खुणा जुळल्या तेव्हा पेन्सिलीनं बारीक टिंबं केली.

या वेळी घाई केली नाही. आधी तबलीवर हलक्या चिकटपणाची कागदी पट्टी लावली, म्हणजे जुनं पॉलिश खरवडलं जाणार नाही. ८० चा पेपर थोडाच वेळ वापरला, मग १२०, मग २२०. बैठक दोन्ही हातांनी सरळ धरून, आखूड हात मारत. मधून मधून कार्बन पेपर शाईची बाजू वर करून ठेवायचा, त्यावर बैठक दाबून बघायची. जिथं निळं लागेल तिथं लाकूड उंच, तेवढंच पात्यानं खरवडायचं. पहिल्या संध्याकाळी तीन ठिपके उमटले. चौथ्या संध्याकाळी दोन्ही तळ सगळे निळे झाले. मग वहीच्या कागदाची चिठ्ठी पायाखाली सरकवून पाहिली. कुठूनच आत जाईना.

त्यावर आजोबांची जुनी पट्टी बसवली. आधी सहाही तारा सैलसर लावून घोडी उभी केली, मग एकेक करत ताण वाढवत नेला. सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो. तारा पिळताना त्या घोडीला खुंट्यांच्या दिशेनं ओढतात आणि ती वाकते. म्हणून दर वेळी बाजूनं बघून तिला पुन्हा सरळ करत होते. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन मिलिमीटरच्या थोडी वर ठेवली. छेडली, तर तो कोरडा, टणक, लगेच थांबणारा आवाज आला. आजी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हो, हाच."

आता शाळेची गोष्ट.

आपण नववीत होतो. संमेलनाच्या तालमी चालल्या होत्या. हॉलच्या कोपऱ्यात शाळेचा तानपुरा गवसणी घालून ठेवलेला असायचा. मधल्या सुट्टीत हॉलमध्ये कुणी नव्हतं. खुंट्या पिळल्या तर काय होतं, ते मला बघायचं होतं. चारही तारा सैल झाल्या, घोडी सरकली आणि फरशीवर पडली. 'टक्'. तिची कड उडाली. मी ती तशीच तारांखाली सरकवली, गवसणी ओढली आणि वर्गात जाऊन बसले.

तासाला बाईंनी आपल्यातल्या एका मुलाला तानपुरा स्टेजवर आणायला सांगितलं. त्यानं उचलला, गवसणीतून घोडी खाली पडली आणि सगळ्यांना वाटलं, त्यानंच आदळला. बाई, तुम्ही त्याला दोन तास बाहेर उभं केलंत आणि दुरुस्तीचे पन्नास रुपये घरून आणायला सांगितलेत. सतारमेकर गल्लीतले एक कारागीर येऊन नवी घोडी बसवून गेले. आपण सगळे गोल करून बघत होतो. मी मागं होते. घोडी तबलीवर नीट बसेपर्यंत त्यांनी तारांना हातही लावला नाही. कुणीतरी विचारलं, "जवारी कधी लावणार?" तर म्हणाले, "आधी खाली टेकू दे की. खाली टेकलीच नाही, तर वर जवारी कुठली?" शिकागोत त्या चार संध्याकाळी मी त्यांचे हात आठवत घासत होते.

मी तेव्हा बोलले नाही. गेली एकतीस वर्षं बोलले नाही. आजींच्या दारातून परत आल्यावर त्या रात्री झोप लागली नाही, ती गिटारमुळे नव्हे.

गेल्या महिन्यात मी त्या मित्राला फोन केला. तो इथेच बसला आहे. हे बोलायची परवानगी त्यानं दिली आहे. मी सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वडिलांनी एकदाच विचारलं, तू पाडलीस का? मी नाही म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला आणि तरीही पैसे भरले. म्हणाले, शाळेशी वाद घालायचा नाही." त्याचे वडील आता नाहीत. पहिल्याच दिवशी बोलले असते, तर ते पन्नास रुपये त्यांच्या खिशात राहिले असते आणि माझा मित्र दोन तास वर्गात बसला असता. यातलं मला आता काहीच परत देता येत नाही. एवढंच करता येतं, की ज्या हॉलमध्ये त्याला दोष लागला, त्याच हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं, की ते मी केलं होतं. बाई, तुमचीही माफी मागते. चुकीच्या मुलाला शिक्षा तुम्ही माझ्यामुळे केलीत.

एक सांगायचं राहिलं. शाळेचा तो तानपुरा कपाटावर कापडात गुंडाळलेला सापडला. काल आम्ही दोघं रिक्षातून तो सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तारा नव्या लागतील आणि घोडीची जवारी पुन्हा काढावी लागेल, असं कारागीर म्हणाले. निघताना मित्रानं खिशात हात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. म्हणाला, "माझ्या वडिलांनी एकदा भरलेत. या वेळी तू भर."

मी भरले. तानपुरा पुढच्या आठवड्यात शाळेत येईल.