कसोटी एकच हवी



 मराठी पत्रकारांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी अमेरिकेतल्या निवडणूक-वार्तांकनाचा प्रश्न मांडणार आहे. तिथल्या निवडणुकीच्या बातम्या आपण मराठी वाचकाला देतो, त्या बहुतांशी तिथल्याच वृत्तसंस्था आणि वाहिन्यांवर विसंबून देतो. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली मराठी माणसे तिथे मतदार आहेत. तेव्हा त्या बातम्या कशा घडतात आणि कुठे बिघडतात, हे आपल्याला नीट ठाऊक असले पाहिजे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. दोन पक्षांना सारखी जागा दिली की वार्तांकन संतुलित झाले, हा समज चुकीचा आहे. दोघांना एकच कसोटी लावली तरच संतुलन साधते. ही कसोटी लावताना पत्रकाराला सत्ताधाऱ्याची जेवढी भीती वाटते, तेवढीच आपल्या वाचकाचीही वाटते. ध्रुवीकरणाने ही दुसरी भीती फार बळावली आहे.

सारख्या जागेचा नियम कसा फसतो, याचा जुना दाखला सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा. 9 फेब्रुवारी 1950 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग शहरात त्यांनी भाषण केले आणि परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्यापाशी असल्याचे सांगितले. पुढच्या काही दिवसांत यादीतला आकडा बदलत गेला. यादी मात्र त्यांनी कुणापुढे ठेवली नाही. वर्तमानपत्रे तरीही आरोप पहिल्या पानावर छापत राहिली. सिनेटर बोलले ते छापले, समोरच्याने नाकारले तेही छापले. तटस्थतेचा नियम पाळला गेला, पण आरोप खरा की खोटा, हे वाचकाला कळले नाही. 9 मार्च 1954 रोजी सीबीएस वाहिनीवर पत्रकार एडवर्ड मरो यांनी मॅकार्थींचीच चित्रफीत दाखवत त्यांची विधाने वस्तुस्थितीशी ताडून पाहिली. त्या वर्षाअखेरीस सिनेटने मॅकार्थींवर ठपका ठेवला. तोवर अनेकांच्या नोकऱ्या आणि अब्रू गेली होती.

कायद्याने समतोल साधण्याचा प्रयत्नही अमेरिकेने केला. 1949 साली तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्रांवर बंधन घातले: सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त विषयांवर बोला, आणि विरोधी मतही ऐकवा. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उचलून धरला. 1987 मध्ये आयोगानेच तो रद्द केला. त्याआधी अमेरिकी काँग्रेसने तो कायद्यात आणण्याचे विधेयक मंजूर केले होते, पण अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. 1988 पासून रश लिंबॉ यांचा एकपक्षी रेडिओ कार्यक्रम देशभर गाजू लागला. 1996 मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज या केबल वाहिन्या सुरू झाल्या. अनेक जण आजच्या फाटाफुटीचे खापर 1987 च्या निर्णयावर फोडतात. ते पुरते खरे नाही. तो नियम सरकारी परवान्यावर आकाशलहरी वापरणाऱ्या केंद्रांसाठी होता. केबल वाहिन्या त्याच्या कक्षेत येत नव्हत्या. मूळ बदल धंद्यात झाला. तीनच मोठी प्रसारण-जाळी होती तेव्हा सर्वांना रुचेल असे बोलणे फायद्याचे होते. शेकडो वाहिन्या आल्यावर एकाच गटाला घट्ट धरून ठेवणे फायद्याचे ठरले.

एकाच गटाला धरून ठेवण्याचे मोल 2020 मध्ये उघड झाले. आपल्याकडे निकाल निवडणूक आयोग जाहीर करतो. अमेरिकेत असा एक केंद्रीय आयोग निकाल सांगत नाही. अधिकृत प्रमाणपत्र राज्ये नंतर देतात, आणि मतमोजणीच्या रात्री विजेता कोण हे वृत्तसंस्था सांगतात. असोसिएटेड प्रेस हे काम 1848 पासून करत आली आहे. 3 नोव्हेंबर 2020 च्या रात्री फॉक्स न्यूजच्या आकडेतज्ज्ञांनी इतरांच्या आधी ॲरिझोना राज्य डेमोक्रॅट उमेदवार जो बायडन यांच्या पदरात टाकले. त्यांचा अंदाज अखेर बरोबर ठरला. पण वाहिनीचे रिपब्लिकन समर्थक प्रेक्षक संतापले आणि त्यांतले बरेच न्यूजमॅक्स या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे वळले. त्यानंतर डॉमिनियन कंपनीच्या मतदानयंत्रांनी निकाल फिरवला, हा खोटा दावा फॉक्सच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा मांडला गेला. वाहिनीतली वजनदार माणसे आपापसांतल्या संदेशांत मात्र त्या दाव्याला वेडगळ म्हणत होती. हे संदेश डॉमिनियनने भरलेल्या बदनामीच्या खटल्यात बाहेर आले. 18 एप्रिल 2023 रोजी फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन तडजोड केली. खरे काय ते ठाऊक होते, पण प्रेक्षकाला सांगण्याची हिंमत नव्हती.

दुसऱ्या बाजूलाही हेच दडपण आहे, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. जून 2024 च्या आरंभी वॉल स्ट्रीट जर्नलने अध्यक्ष बायडन यांच्या ढासळत्या क्षमतेविषयी वृत्तांत छापला, तेव्हा डेमोक्रॅटिक गोटातून आणि त्या बाजूच्या भाष्यकारांकडून त्यावर जोरदार टीका झाली. 27 जूनला अटलांटातल्या वादचर्चेत साऱ्या देशाने ते डोळ्यांनी पाहिले आणि 21 जुलैला बायडन यांनी उमेदवारीतून माघार घेतली. ज्या संपादकांनी हा प्रश्न आपल्या वाचकाला आवडणार नाही म्हणून बाजूला ठेवला असेल, त्यांनी त्या वाचकाचेच नुकसान केले.

वार्तांकनाचे वजन किती आणि कशाला द्यायचे, हा प्रश्नही याच कसोटीचा आहे. 2016 च्या प्रचारात डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांनी सरकारी कामासाठी वापरलेल्या खासगी ईमेलचा विषय बातमीयोग्य होताच. पण कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यूत आलेल्या विश्लेषणानुसार, न्यूयॉर्क टाइम्सने अवघ्या सहा दिवसांत ईमेलवर पहिल्या पानाच्या जितक्या बातम्या दिल्या, तितक्याच निवडणुकीपूर्वीच्या 69 दिवसांत सगळ्या धोरणविषयांवर मिळून दिल्या. आरोग्य, कर, स्थलांतर यांवर कोण काय करणार, हे मतदाराला त्या मानाने फारच थोडे कळले.

जे दाखवलेच जात नाही, त्याचा परिणाम आणखी खोल असतो. सप्टेंबर 2020 मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या संशोधकांनी फॉक्सच्या नियमित प्रेक्षकांना तासाला 15 डॉलर देऊन सीएनएन पाहायला लावले. कोविड, टपाली मतदान अशा विषयांवर त्यांची माहिती आणि काही मते बदलली. आपली वाहिनी आपल्यापासून काही लपवते, असेही त्यांतल्या काहींना वाटू लागले. पैसे थांबल्यावर बहुतेक जण पुन्हा जुन्या सवयीला लागले. माणूस पटवून घ्यायला तयार असतो. पण दुसरी बाजू त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

याची किंमत सारा व्यवसाय मोजतो आहे. गॅलपच्या पाहणीत 1976 मध्ये 72 टक्के अमेरिकनांचा वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास होता. 2024 मध्ये तो 31 टक्क्यांवर आला. डेमोक्रॅट समर्थकांत 54 टक्के आणि रिपब्लिकन समर्थकांत अवघा 12 टक्के.

मग उपाय काय? कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जच्या द डेझर्ट सन या दैनिकाने एक वाट दाखवली आहे. जुलै 2019 मध्ये महिनाभर या दैनिकाने मतलेखांच्या पानावरून राष्ट्रीय राजकारण वगळले. रस्ते, वास्तुरचना, पर्यावरण अशा जवळच्या विषयांवरचे लेख आणि पत्रे वाढली. तीन संशोधकांनी दुसऱ्या शहराशी तुलना केली, तेव्हा पाम स्प्रिंग्जच्या वाचकांतले ध्रुवीकरण मंदावल्याचे त्यांना दिसले. हे वाचून मला बळ मिळते आणि चिंताही वाटते, कारण 2005 पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली आहेत आणि त्यांत बहुतेक अशीच गावोगावची आहेत.

मित्रहो, आपण अमेरिकेच्या निवडणुकीची बातमी देतो तेव्हा बहुधा दोनच गोष्टी विचारतो: कोण पुढे आहे, आणि आपल्या वंशाचा उमेदवार कुठे आहे? बेळगावचे श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइट परिसरातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, याचा आनंद रास्त आहे. पण डेट्रॉइटच्या मतदाराला कशाची चिंता आहे, हेही आपल्या वाचकाला समजले पाहिजे.

म्हणून माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे. तिकडची बातमी घेताना एकाच वाहिनीवर थांबू नका. नेत्याचा दावा छापाल त्याच बातमीत तो तपासल्याचे पुरावेही द्या. तपासता आला नसेल तर तसे स्पष्ट लिहा. एका उमेदवाराला जो प्रश्न विचाराल, तोच दुसऱ्याला लागू करून पाहा. आणि मुंबई, पणजी, नागपूर, कुठल्याही कार्यालयात बसून आपल्या निवडणुकीची बातमी लिहाल तेव्हाही हीच कसोटी वापरा. सत्याने आपला वाचक दुखावणार असेल, तर त्याला ते सर्वांत आधी आपणच सांगितले पाहिजे. जो वाचक आपल्यावर विश्वास टाकतो, त्याचा तो हक्क आहे.